फुकट जमिनीची किंमत

(कॅनडाच्या राष्ट्रउभारणीचे अर्थकारण या विषयावर कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाची संहिता)



मुंबई बेट पोर्तुगीज राजकन्येच्या हुंड्यात इंग्रजांना मिळाले, ही गोष्ट आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. १६६१ च्या विवाहकरारान्वये ते बेट इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याकडे आले आणि १६६८ मध्ये त्याने ते वार्षिक दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ मे १६७० रोजी, याच राजाने आणखी एका कंपनीला सनद दिली. तिची माहिती मात्र आपल्याकडे फारशी नाही. त्या कंपनीचे नाव हडसन्स बे कंपनी. उत्तर अमेरिकेतील हडसन उपसागराला ज्या ज्या नद्या मिळतात, त्या सर्व नद्यांच्या खोऱ्यांतील व्यापाराचा मक्ता आणि त्या भूमीची मालकी या सनदेने मूठभर भागधारकांना बहाल केली. हा मुलूख सुमारे १५ लक्ष चौरस मैलांचा, म्हणजे आजच्या भारताहूनही मोठा होता. त्याचा खंड ठरला तो असा : राजा किंवा त्याचे वारस कधी त्या मुलखात पाऊल ठेवतील, तेव्हा त्यांना दोन एल्क हरणे आणि दोन काळे बीव्हर नजर करावेत! देणाऱ्याने ती भूमी पाहिली नव्हती, घेणाऱ्यांना तिच्या सीमा माहीत नव्हत्या आणि जे लोक तेथे हजारो वर्षे राहत होते त्यांना या व्यवहाराची वार्ताही नव्हती.

आज कॅनडा म्हटले की एक संपन्न, शांत, कल्याणकारी राज्य डोळ्यांसमोर उभे राहते. समाजवादी चळवळीला आदर वाटावा असेही त्या देशात पुष्कळ घडले आहे; त्याचा विचार पुढे येईलच. परंतु ज्या इमारतीचे आपल्याला कौतुक वाटते तिचा पायाही तपासावा लागतो. एवढी अफाट भूमी त्या राष्ट्राच्या मालकीची कशी झाली आणि तिची किंमत कोणी चुकती केली, हा या विवेचनाचा विषय आहे.

कातड्यांकडून गव्हाकडे

युरोपात सतराव्या शतकात बीव्हरच्या लोकरीपासून केलेल्या टोप्यांची मोठी चाल होती. उत्तरेच्या नद्यानाल्यांत हा प्राणी विपुल होता. मात्र त्याला पकडण्याचे कसब, बर्फावरून चालण्याची पादत्राणे, भूर्जाच्या सालीची होडी, वाटा आणि ऋतू यांचे ज्ञान हे सारे क्री, ऑजिब्वे आदी मूलनिवासी समाजांपाशी होते. गोऱ्या व्यापाऱ्याने किल्ला बांधून तेथे बसावे आणि मूलनिवासींनी कातडी घेऊन यावे, अशी ही व्यवस्था होती. चलन म्हणून 'मेड बीव्हर', म्हणजे कमावलेले एक उत्तम कातडे, हेच परिमाण ठरलेले असे. बंदूक, घोंगडी, तांब्याची किटली यांचे भाव कातड्यांच्या संख्येत सांगितले जात.

हा व्यापार समतेचा नव्हता. युरोपीयांबरोबर देवीचा रोगही आला आणि १७८१-८२ च्या साथीत मैदानी प्रदेशातील वस्त्याच्या वस्त्या ओस पडल्या. असे असले तरी या अर्थव्यवस्थेचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे. कातड्यांच्या व्यापाराला मूलनिवासी त्याच्या भूमीवरच हवा होता. तो तेथून उठला तर व्यापारच बुडणार होता. हॅरॉल्ड इनिस या कॅनेडियन अर्थशास्त्रज्ञाने १९३० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे की, कॅनडाच्या सीमा या बहुतांशी कातड्यांच्या व्यापाराच्या जलमार्गांनीच आखल्या.

पूर्वेकडे सेंट लॉरेन्स नदीच्या काठी फ्रेंचांनी १६०८ मध्ये क्वेबेक वसविले होते. १७५९ च्या लढाईनंतर आणि १७६३ च्या पॅरिस तहाने ती वसाहत ब्रिटिशांकडे गेली. त्याच वर्षाच्या ७ ऑक्टोबरला राजा तिसरा जॉर्ज याने एक जाहीरनामा काढला. मूलनिवासींच्या ताब्यातील जमीन कोणाही खाजगी व्यक्तीने परस्पर विकत घेऊ नये. ती त्यांनी आपल्या सभेत संमती दिल्यावर केवळ राजसत्तेनेच घ्यावी, असे त्यात म्हटले होते. या कलमाला दोन बाजू होत्या. भूमीवर मूलनिवासींचा हक्क आहे याची ती कबुली होती आणि तो हक्क विकत घेणारे गिऱ्हाईक एकच राहील याची तरतूदही होती. एकच खरेदीदार असलेल्या बाजारात भाव कोण ठरवतो, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही.

एकोणिसाव्या शतकात बीव्हरची टोपी मागे पडली, रेशमी टोपी आली. इंग्लंडच्या कारखान्यांतील मजुरांना स्वस्त भाकरी हवी होती आणि भांडवलाला नवी क्षेत्रे हवी होती. कातड्यांची जागा गव्हाने घेतली की सारे गणितच पालटते. गव्हाला मूलनिवासी शिकाऱ्याची गरज नसते; त्याला मोकळी, मोजलेली, कुंपण घातलेली जमीन लागते. काल जो भागीदार होता तो एका पिढीत अडथळा ठरला. पुढच्या साऱ्या घटनांची गुरुकिल्ली या बदलात आहे.

तीन लक्ष पौंडांचा सौदा

वसाहतींत जमीन फुकट मिळाली तर मजूर मालकाकडे राबणार कशाला? तो स्वतःच शेतकरी होईल. म्हणून सरकारने जमिनीची किंमत मुद्दाम चढी ठेवावी, म्हणजे मजुराला अनेक वर्षे मजुरीच करावी लागेल, असा सिद्धान्त एडवर्ड गिबन वेकफिल्ड या इंग्रज लेखकाने मांडला होता. १८३७-३८ मध्ये कॅनडात सरंजामी नोकरशाहीविरुद्ध उठाव झाले. त्यांच्या चौकशीसाठी लॉर्ड डरहॅम आला, तेव्हा हा वेकफिल्ड त्याच्यासोबत होता. 'भांडवल' या ग्रंथाच्या पहिल्या खंडाचे अखेरचे प्रकरण मार्क्सने याच वेकफिल्डला वाहिले आहे. स्वदेशात जे सत्य भांडवलदार झाकून ठेवतो ते वसाहतीत त्याला उघड बोलावे लागते, असा मार्क्सचा टोला होता : कष्टकऱ्याला उत्पादनसाधनांपासून तोडल्याखेरीज भांडवल उभे राहत नाही.

तो खंड १८६७ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी १ जुलैला ऑन्टारिओ, क्वेबेक, नोव्हा स्कॉशिया आणि न्यू ब्रन्सविक या प्रांतांचे कॅनडा हे संघराज्य अस्तित्वात आले. अमेरिकेने त्याच वर्षी ७२ लक्ष डॉलरला रशियाकडून अलास्का खरेदी केले होते. पश्चिमेचे मैदानही अमेरिकेच्या घशात जाईल, ही भीती नव्या राष्ट्राच्या धुरिणांना ग्रासत होती. म्हणून हडसन्स बे कंपनीचा मुलूख कॅनडाने घ्यावा असे ठरले.

हा सौदा पुन्हा पुन्हा तपासून पाहण्याजोगा आहे. कंपनीला मिळाले रोख तीन लक्ष पौंड, तिच्या ठाण्यांभोवतीच्या जमिनी आणि सुपीक पट्ट्यातील एकूण भूमीचा विसावा हिस्सा. १५ जुलै १८७० रोजी हस्तांतर पुरे झाले. दोनशे वर्षांपूर्वी कागदावर मिळालेल्या मालकीचे मोल भागधारकांना रोकड आणि जमीन या दोन्ही रूपांत मिळाले. त्या भूमीवर राहणाऱ्यांना विचारण्यात आले नाही. व्यापारी कंपनीकडून राज्यकारभार काढून घ्यावा आणि तिच्या भागधारकांना भरपाई मात्र चुकती करावी, ही रीत भारतानेही ईस्ट इंडिया कंपनीच्या बाबतीत अनुभवली आहे.

प्रतिकार झालाच नाही असे नाही. रेड नदीच्या काठी सुमारे १२ हजार लोकांची वस्ती होती. तीत बहुसंख्य लोक मेटी, म्हणजे मूलनिवासी माता आणि फ्रेंच वा स्कॉटिश पिता यांच्यापासून निर्माण झालेल्या समाजाचे होते. त्यांची शेते नदीपासून आत जाणाऱ्या लांबच लांब पट्ट्यांची होती. प्रत्येकाला पाणी मिळावे, रस्ता मिळावे आणि मागे सामाईक कुरण राहावे, असा त्यांचा हिशेब होता. सरकारी मोजणीदार चौकोनी गटांची साखळी घेऊन ऑक्टोबर १८६९ मध्ये आले, तेव्हा लुई रिएल या चोवीस वर्षांच्या तरुणाच्या नेतृत्वाखाली मेटींनी ती साखळी अडवली. त्यांनी हंगामी सरकार स्थापले, वाटाघाटी केल्या आणि त्यातून मॅनिटोबा प्रांत जन्माला आला. १८७० च्या मॅनिटोबा कायद्याने मेटी कुटुंबांच्या मुलांसाठी १४ लक्ष एकर जमीन राखून ठेवली. पण वाटपात वर्षानुवर्षे चालढकल झाली, नव्या वसाहतवाल्यांचे लोंढे आले, सट्टेबाजांनी हक्कपत्रे मातीमोल भावाने घेतली आणि मेटी समाज पश्चिमेकडे पांगला. हे वचन सरकारने प्रतिष्ठेला साजेशा रीतीने पाळले नाही, असा निर्वाळा कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिला. त्याला तब्बल १४३ वर्षे लागली.

करार आणि उपासमार

१८७१ ते १९२१ या काळात सरकारने मूलनिवासी समाजांशी अकरा क्रमांकित करार केले. हे करार तलवारीच्या जोरावर झाले नाहीत, असे अभिमानाने सांगितले जाते. अमेरिकेतील रक्तरंजित युद्धांशी तुलना केली तर त्यात तथ्यही आहे. परंतु भुकेच्या जोरावर झालेला करार हा स्वेच्छेचा करार मानावा काय?

१८७६ च्या सहाव्या कराराचे उदाहरण घ्यावे. इंग्रजी मसुद्यात मूलनिवासींनी आपले सर्व भूमिहक्क कायमचे सोडून दिले, असे लिहिलेले आहे. मूलनिवासींच्या मौखिक परंपरेत मात्र हा भूमी वाटून घेण्याचा करार होता. नांगर जेवढा खोल जातो तेवढीच माती त्यांनी नव्या लोकांना वापरायला दिली होती. मोबदला होता पाच जणांच्या कुटुंबामागे एक चौरस मैल राखीव जमीन आणि माणशी सालिना पाच डॉलर. पलीकडच्या बाजूनेही कसून घासाघीस केली होती. दुष्काळ वा साथ आली तर सरकार मदत करील आणि सरकारी अधिकाऱ्याच्या घरी औषधांची पेटी ठेवली जाईल, ही दोन कलमे क्री नेत्यांनी त्यात घालून घेतली होती. आपल्या लोकांच्या भवितव्याचा विचार करणारे मुत्सद्दी ते होते.

१८७९ पर्यंत कॅनडाच्या मैदानांतून रानगवे नाहीसे झाले आणि अन्न, वस्त्र, निवारा देणारा आधारच कोसळला. दुष्काळाचे कलम तेव्हा कामी यायला हवे होते. प्रत्यक्षात शिधा हे दंडुक्यासारखे वापरले गेले. जे राखीव जमिनीवर जाऊन बसतील त्यांनाच शिधा मिळे. रेल्वेच्या मार्गात जे होते त्यांचा शिधा तोडून त्यांना हलविले गेले. बिग बेअर हा क्री नेता सहा वर्षे करारावर सही करण्यास नकार देत राहिला. डिसेंबर १८८२ मध्ये आपली माणसे उपाशी मरताना पाहून त्याने सही केली. जेम्स डॅशुक या इतिहासकाराने २०१३ च्या आपल्या ग्रंथात ही सारी कागदपत्रे मांडली आहेत.

राखीव जमिनीवर ज्यांनी खरोखरच शेती सुरू केली त्यांचे काय झाले? काही वस्त्यांनी एकत्र येऊन यंत्रे घेतली, चांगले पीक काढले. तेव्हा १८८९ पासून सरकारी खात्याने फर्मावले की, मूलनिवासींनी आधी विळा-कोयत्याने शेती करावी, कारण रानटी अवस्थेतून एकदम यंत्रयुगात उडी मारता येत नाही! आजूबाजूचे गोरे शेतकरी यंत्राने कापणी करत असताना यांनी हाताने कापायचे आणि धान्य विकायलाही सरकारी परवाना काढायचा. अशा रीतीने शेती तोट्यात घालवायची आणि मग या लोकांना शेती जमत नाही असे म्हणत त्यांच्या राखीव जमिनीचे तुकडेही गोऱ्यांसाठी मागायचे, असा हा न्याय होता.

रेल्वेचे राज्य

पंतप्रधान जॉन मॅक्डॉनल्ड यांच्या १८७९ च्या 'राष्ट्रीय धोरणा'चे तीन खांब होते : पूर्वेच्या कारखान्यांना जकातीचे संरक्षण, महासागर ते महासागर रेल्वे आणि पश्चिमेची वसाहत. रेल्वेचे कंत्राट कॅनेडियन पॅसिफिक कंपनीला मिळाले. अटी अशा : अडीच कोटी डॉलर रोख, अडीच कोटी एकर जमीन, सरकारने बांधलेले लोहमार्ग आयते आणि शिवाय दक्षिणेस प्रतिस्पर्धी रेल्वे बांधू न देण्याची वीस वर्षांची हमी. जोखीम जनतेची आणि नफा कंपनीचा, हे सूत्र खाजगीकरणाच्या आजच्या पुरस्कर्त्यांनी शोधून काढलेले नाही.

ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरांत सुरुंग लावण्याचे काम सुमारे १५ हजार चिनी मजुरांनी गोऱ्यांपेक्षा कमी मजुरीवर केले. ७ नोव्हेंबर १८८५ रोजी रुळाचा शेवटचा खिळा ठोकला गेला. तो ठोकणारा डोनाल्ड स्मिथ हा हडसन्स बे कंपनीचाही मातब्बर भागधारक होता; पुढे तो तिचा गव्हर्नर झाला. त्याच वर्षी चिनी माणसाच्या प्रवेशावर ५० डॉलरचा डोईकर बसला. १९०३ मध्ये तो ५०० डॉलर झाला आणि १९२३ ते १९४७ या काळात प्रवेश जवळजवळ बंदच झाला.

१८८५ हे वर्ष आणखी एका कारणाने स्मरणीय आहे. सस्कॅचेवान नदीच्या काठी मेटींनी आणि काही उपाशी क्री तुकड्यांनी उठाव केला. रिएल पुन्हा नेता झाला. अर्धवट बांधलेल्या त्याच रेल्वेने पूर्वेकडून फौजा आणल्या आणि मे महिन्यात बातोश येथे उठाव चिरडला गेला. शेवटचा खिळा ठोकल्यावर नऊच दिवसांनी रिएलला रेजायना येथे फाशी देण्यात आले. २७ नोव्हेंबरला बॅटलफर्ड येथे आठ मूलनिवासींना एकाच वेळी फासावर चढविले गेले. राष्ट्राचा कणा म्हणून जिचा गौरव होतो, ती रेल्वे आणि हे वधस्तंभ एकाच महिन्यातले आहेत.

आता जमिनीच्या वाटपाकडे वळावे. मैदानाची आखणी ३६ चौरस मैलांच्या चौकोनांत झाली आणि प्रत्येक चौकोनात एकेक मैलाचे ३६ गट पाडले गेले. सम क्रमांकाचे गट वसाहतवाल्यांसाठी आणि विषम क्रमांकाचे प्रामुख्याने रेल्वेसाठी होते. आठव्या व सव्विसाव्या गटांत हडसन्स बे कंपनीचा हिस्सा होता. अकरा व एकोणतीस हे शाळांच्या निधीसाठी राखले होते. नकाशा हाच ताळेबंद बनला. १८७२ च्या कायद्याने दहा डॉलर शुल्क भरणाऱ्या वसाहतवाल्याला १६० एकर जमीन मिळे. तीन वर्षे तेथे राहून ठराविक क्षेत्र लागवडीखाली आणले की मालकी पक्की. स्त्री कुटुंबप्रमुख असल्याखेरीज तिला हा हक्क बहुतांश काळ नव्हता.

म्हणजे वेकफिल्डचा सिद्धान्त कॅनडाच्या मैदानात उलटा झाला काय? जमीन महाग ठेवण्याऐवजी फुकट वाटली गेली हे खरे. शेजारी अमेरिका १८६२ पासून तशी वाटत होती आणि रेल्वेला वाहतुकीसाठी गहू हवा होता, म्हणून तसे करणे भाग होते. परंतु शेतकऱ्याच्या श्रमाचे मोल काढून घेण्याची वाट तेवढी बदलली. गहू जगाच्या खुल्या बाजारात, पडेल त्या भावाने विकायचा. नांगर, तार, यंत्र मात्र जकातीने महाग झालेले घ्यायचे. वाहतुकीचे दर रेल्वे ठरवणार, कोठाराचे भाडे धान्यकंपन्या ठरवणार आणि व्याज बँक ठरवणार. जमीन फुकट होती. तिच्याबाहेर पडण्याचा प्रत्येक रस्ता मात्र टोलचा होता.

कोणाला दार उघडे

१८९६ ते १९०५ या काळात क्लिफर्ड सिफ्टन या मंत्र्याने युरोपभर प्रचार करून वसाहतवाले आणले. १९०१ मध्ये ५३ लक्षांवर असलेली देशाची लोकसंख्या १९११ मध्ये ७२ लक्षांवर गेली. युक्रेनियन शेतकरी आले, स्कँडिनेव्हियन आले. १८९९ मध्ये रशियातून दुखोबोर पंथाचे सात हजारांहून अधिक लोक आले. शस्त्र नाकारणाऱ्या या पंथाच्या प्रवासखर्चासाठी टॉल्स्टॉय यांनी 'पुनरुत्थान' या कादंबरीचे मानधन दिले होते. त्यांची शेती सामुदायिक होती. सरकारने प्रत्येकाने वैयक्तिक नोंद करावी आणि निष्ठेची शपथ घ्यावी असा आग्रह धरला. ती न घेणाऱ्यांची जमीन १९०७ मध्ये मोठ्या प्रमाणावर काढून घेण्यात आली. खाजगी मालकी हीच नागरिकत्वाची कसोटी ठरली.

हिंदी माणसांना तर दारच बंद होते. ती साम्राज्याची प्रजा असल्याने उघड बंदी घालणे अडचणीचे होते. म्हणून मायदेशातून थेट, न थांबता येणाऱ्या प्रवाशालाच प्रवेश मिळेल असा नियम १९०८ मध्ये काढला गेला. हिंदुस्थानातून अशी थेट वाहतूक नव्हतीच. गुरुदित्त सिंग यांनी भाड्याने घेतलेले कोमागाता मारू हे जहाज ३७६ प्रवाशांसह २३ मे १९१४ रोजी व्हँकुव्हरला पोचले. दोन महिने ते बंदरात अडकवून ठेवले गेले. थोड्या प्रवाशांना उतरू देऊन २३ जुलैला ते परत पाठविले गेले आणि २९ सप्टेंबरला कलकत्त्याजवळ बजबज येथे पोलिसांच्या गोळीबारात अनेक प्रवासी मारले गेले. ज्या भूमीत १६० एकर फुकट वाटण्यासाठी माणसे शोधली जात होती, तिथे या शेतकऱ्यांना पाय ठेवायला जागा नव्हती. कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत याबद्दल क्षमा मागितली ती २०१६ मध्ये.

कष्टकऱ्यांचे उत्तर

या टोलनाक्यांविरुद्ध मैदानातला शेतकरी उभा राहिला, हा त्या देशाच्या इतिहासातील उजळ अध्याय आहे. १९०२ मध्ये सिंटालूटाच्या शेतकऱ्यांनी मालडबे देण्यात पक्षपात केल्याबद्दल रेल्वेच्या अधिकाऱ्यावर खटला भरला आणि जिंकला. १९०६ मध्ये त्यांनी स्वतःची धान्यकंपनी काढली आणि १९२३-२४ पासून तिन्ही मैदानी प्रांतांत गव्हाचे सहकारी संघ उभे राहिले. १९१९ च्या मे-जूनमध्ये विनिपेग शहरात सुमारे ३० हजार कामगारांचा सार्वत्रिक संप झाला. २१ जूनला घोडेस्वार पोलिसांच्या गोळीबारात दोघांचा बळी गेला. संपाच्या पत्राचे संपादन केल्याबद्दल जे. एस. वुड्सवर्थ या धर्मोपदेशकावर राजद्रोही लेखनाचा आरोप ठेवला गेला आणि आक्षेपार्ह मजकुरात बायबलमधील यशया संदेष्ट्याची वचनेही होती! हाच वुड्सवर्थ पुढे शेतकरी, कामगार आणि समाजवादी यांच्या संयुक्त पक्षाचा पहिला नेता झाला. तो पक्ष १९३२ मध्ये कॅलगरीत स्थापन झाला आणि १९३३ मध्ये रेजायना येथे त्याने आपला जाहीरनामा स्वीकारला.

१९४४ मध्ये टॉमी डग्लस यांच्या नेतृत्वाखाली या पक्षाने सस्कॅचेवान प्रांताची सत्ता मिळवली. उत्तर अमेरिकेतील ते पहिले समाजवादी सरकार. १९४७ मध्ये रुग्णालयविमा आणि १ जुलै १९६२ पासून सर्वांसाठी वैद्यकीय सेवा त्याने आणली. डॉक्टरांनी २३ दिवस संप केला, पण सरकार डगमगले नाही. १९७२ पर्यंत ही योजना साऱ्या देशात पोचली. लोकशाही मार्गाने, एका गरीब शेतीप्रधान प्रांतातून, सारे राष्ट्र बदलता येते याचा हा पुरावा आहे आणि तो प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवण्याजोगा आहे.

न विचारलेला प्रश्न

आता अवघड जागी यावे लागते. रेजायनाच्या जाहीरनाम्यात बँकांचे सामाजिकीकरण आहे, सहकार आहे, आरोग्यसेवा आहे, वंश न पाहता समान वागणुकीची मागणी आहे. पण ज्या भूमीवर तो वाचला गेला तिच्या मूळ धारकांच्या हक्काचा प्रश्न त्यात नाही. रिएलला फाशी झाली तेही हेच शहर. स्वतः वुड्सवर्थ यांच्या १९०९ च्या पुस्तकात स्थलांतरितांची वंशवार प्रतवारी आढळते. या माणसांची नियत वाईट नव्हती. त्यांनी भाव, भाडे, व्याज यांच्या अन्यायावर अचूक बोट ठेवले. शेतकरी आणि रेल्वे यांच्यात वाटणी न्याय्य व्हावी, ही त्यांची मागणी होती. वाटणीला घेतलेली वस्तू कोणाची, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

आणि तो त्यांना विचारणार तरी कोण? १८७६ च्या इंडियन ॲक्टने मूलनिवासींना कायद्याने अज्ञान बालकासारखे सरकारच्या पालकत्वाखाली ठेवले होते. १९२७ ते १९५१ या काळात जमिनीच्या दाव्यासाठी निधी गोळा करणे वा वकील देणे हाच त्यांच्यासाठी गुन्हा होता. शेतकऱ्यांचे सहकारी संघ भरभराटीला येत होते आणि समाजवादी पक्षाचे मेळावे भरत होते ते नेमके याच काळात. दीड लक्षांवर मुलांना घरांपासून तोडून निवासी शाळांत ठेवले गेले. भाषा विसरायला लावली गेली. हजारो मुले परत आली नाहीत. सत्य व समेट आयोगाने २०१५ मध्ये याला सांस्कृतिक वंशसंहार म्हटले. सगळ्या मूलनिवासींना संसदीय मताधिकार मिळाला तो १९६० मध्ये. त्याच वर्षी सस्कॅचेवानच्या समाजवादी सरकारने त्यांना प्रांतिक मताधिकार दिला हे त्या सरकारच्या श्रेयाचे आहे. परंतु मत मिळाले म्हणून जमीन मिळाली नाही.

सहाव्या करारातील औषधांची पेटी येथे आठवावी. सर्वांना वैद्यकीय सेवा ही सस्कॅचेवानने राष्ट्राला दिलेली देणगी मानली जाते. पण समाजाने आजाऱ्याची जबाबदारी घ्यावी, हा हक्क त्याच भूमीवर ८६ वर्षे आधी क्री नेत्यांनी करारात लिहवून घेतला होता. समाजवाद्यांनी आपल्या परंपरेचे पूर्वज शोधताना केवळ लंडन आणि ग्लासगोकडे पाहिले. शेजारच्या राखीव वस्तीकडे पाहिले नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. इतिहासाचे चाक उलटे फिरविता येत नाही. चार कोटींचे राष्ट्र बोचके बांधून परत जाणार काय? हा आक्षेप न केलेल्या मागणीला दिलेले उत्तर आहे. मागणी आहे करार जिवंत मानण्याची : भूमीच्या उत्पन्नात हिस्सा, तिच्या वापरात निर्णयाचा अधिकार, दिलेल्या शब्दाची वसुली. त्या दिशेने काही घडलेही आहे. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूलनिवासी भूमिहक्क ही कायद्याला ज्ञात गोष्ट आहे असे मानले. १९८२ च्या घटनेने त्या हक्कांना संरक्षण दिले. १९९९ मध्ये इन्यूइट बहुसंख्य असलेला नुनावुत प्रदेश निर्माण झाला. २०१४ मध्ये त्सिल्कोतिन समाजाची त्यांच्या भूमीवरील मालकी न्यायालयाने घोषित केली. १८५० च्या रॉबिन्सन करारांत जमिनीचे उत्पन्न वाढले तर सालिना रक्कम वाढवण्याचे वचन होते. लाकूड आणि खाणी यांतून अब्जावधी निघाले, तरी रक्कम १८७५ पासून माणशी चार डॉलरवरच गोठली होती. हा वचनभंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये सांगितले. हे सारे न्यायालयांतून आले आणि त्यामागे मूलनिवासींची स्वतःची संघटना होती. डाव्या पक्षांनी ते आधीच आपल्या कार्यक्रमात घ्यायला हवे होते.

भारतातील कार्यकर्त्याला हा इतिहास परका वाटण्याचे कारण नाही. कॅनडात १८७६ चा इंडियन ॲक्ट करणाऱ्या त्याच साम्राज्याने १८७८ मध्ये भारतात वनकायदा करून जंगलांवर सरकारची मालकी पक्की केली. वहिवाट हा हक्क नव्हे, कागद हाच हक्क, हे दोन्हीकडचे तत्त्व एकच. येथे २००६ च्या वनाधिकार कायद्यापर्यंत थांबावे लागले आणि त्याची अंमलबजावणी हा आजही लढ्याचा विषय आहे.

समाजवादाने उत्पादनसाधनांच्या न्याय्य वाटपाचा आग्रह धरावाच. पण वाटायला बसण्यापूर्वी ते साधन कोणाच्या हातून, कोणत्या कागदाने, कोणाच्या भुकेच्या बळावर आले याचा हिशेब मांडला नाही, तर समतेची उत्तम योजनाही आधीच्या लुटीची भागीदारी ठरते. हडसन्स बे कंपनीची दुकाने १ जून २०२५ रोजी कायमची बंद झाली. ३५५ वर्षांचा तो व्यापार दिवाळखोरीत संपला. कंपनी गेली. तिने विकलेल्या भूमीचा हिशेब मात्र चुकता व्हायचा आहे, आणि तो मागणाऱ्यांच्या बाजूला उभे राहणे हे जगातल्या कोणत्याही समाजवाद्याचे काम आहे.